फुटक्या देवांचे उखर्डू आबा

आमच्या संग्रहालयात एकही देव धड नव्हता. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात, कुणाचं तर कमरेवरचं सगळंच. यादवांच्या काळातल्या या मूर्ती कुठे बांधावर, कुठे विहिरीच्या काठाला, कुठे धुण्याचा दगड म्हणून पालथ्या पडलेल्या होत्या. मोतीलाल गुरुजींनी त्या बैलगाडीतून गोळा केल्या आणि बोरसराईच्या जुन्या सराईत मांडल्या. गुरुजी निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर मुलांना रांगेत उभं केलं, ती खोड जाईना, मग देवांना केलं.

एरंडोलहून पारोळ्याकडे जाताना बोरसराई लागतं. बऱ्हाणपूरला माल नेणारे व्यापारी पूर्वी इथे मुक्काम करायचे. चारी बाजूंनी दगडी कमानींच्या ओवऱ्या, मधे चौक, चौकात चिंचेचं झाड. सुलतानांच्या वेळची इमारत म्हणतात. पुढे साहेबाच्या राज्यात तिथे धान्य साठवलं, नंतर पंचायतीनं कोंडवाडा केला आणि १९८२ साली गुरुजींच्या मंडळानं संग्रहालय केलं. गुरं गेली, देव आले. गावातली माणसं तरी पुढे कित्येक वर्षं 'कोंडवाड्यात चाललो' असंच म्हणत.

मी तिथे तिकिटं द्यायचे, पाट्या रंगवून घ्यायचे आणि मूर्तींना कुंकू लावणाऱ्यांवर ओरडायचे. माझं नाव बेबाबाई सुरवाडे. माहेर जळगावात पिंप्राळ्याला, सासर एरंडोलला. रोज एसटीनं जायचे-यायचे. स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे दिसणारच आहे तर लपवायचं कशाला?

उखर्डू तोताराम हे आमचे राखणदार. सराईच्या टोकाच्या दोन ओवऱ्यांत ते बायकोबरोबर राहत. आता ते नाहीत. पण त्या इमारतीचं नाव निघालं की मला सुलतानही आठवत नाही आणि यादवही आठवत नाहीत, आबाच आठवतात.

त्यांच्या नावाची गोष्ट खानदेशात कुणाला सांगावी लागत नाही, बाहेरच्यांना सांगावी लागते. आबांच्या आईची आधीची पोरं जगली नव्हती. आबा झाले तेव्हा घरच्यांनी जुनी रीत केली. पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, म्हणजे हे टाकून दिलेलं दिसतंय असं मरणाला वाटावं. मग जिची पोरं जगतात अशा परक्या बाईनं यायचं, ते उचलायचं आणि म्हणायचं, 'हे माझं.' नंतर घरच्यांनी सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. पोर जगलं की त्याचं नाव उखर्डू. मरणाला इतकं बावळट समजणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. पण आबा जगले, हे मात्र खरं.

जगले आणि सालदारकी करत वाढले. घरची जमीन नावापुरती, म्हणून दुसऱ्याच्या शेतावर सालानं राबायचं. मोतीलाल गुरुजी मूर्ती शोधत त्यांच्या गावी गेले, त्या दिवशी आबा मालकाचा उकिरडा उपसून शेणखत गाडीत भरत होते. फावडं दगडाला लागलं. माती झटकली तर बाई निघाली, मांडीवर लेकरू घेतलेली. लेकराचं डोकं तुटलेलं, पण आईचा हात त्याच्या पाठीवर तसाच होता. गुरुजी हरखले. आबांनी तिला गोणपाटात गुंडाळलं, मालकाच्याच गाडीत घातलं आणि सराईत आणून सोडलं. ते आले ते आलेच. मालकाची गाडी तेवढी परत गेली.

गुरुजींनी पाटीवर 'मातृका, तेरावे शतक' असं लिहिलं. आबा तिला 'माय' म्हणत.

राखणदार म्हणून आबा पक्के होते. वाटाड्या म्हणून मात्र वैताग. मी जेवायला बसले की ते पाहुण्यांना फिरवायचे आणि तोंडाला येईल ते सांगायचे. हाडं निघालेल्या चामुंडेला ते सासू म्हणत. 'सूननी जेवाले दिन्हं नई, म्हनीसन अशी व्हयनी.' ध्यानाला बसलेल्या जैन मूर्तीकडे बोट दाखवून म्हणत, 'हाऊ बाबा गिऱ्हाईकनी वाट पाहस.' पुण्याहून आलेले एक प्राध्यापक हे सगळं वहीत उतरवून घेत होते, तेव्हा मी डबा टाकून धावले. आबांना झापलं. ते शांतपणे म्हणाले, 'बाई, खरं तुम्ही सांगा. त्या हसनात ते मना मुये.' खरं होतं. माझ्या माहितीवर कधी कुणी हसलं नाही, जांभया मात्र पुष्कळांनी दिल्या.

सकाळी ओल्या फडक्यानं ते एकेक मूर्ती पुसत. मायजवळ आले की फडकं पिळून घेत, लेकराच्या तुटलेल्या मानेवरून हलक्या हातानं फिरवत आणि पुढे जात. हे मी रोज पाहायचे आणि न पाहिल्यासारखं करायचे.

आबांना एकच मुलगी, लिला. पारोळ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सराईत आली. सातव्याच महिन्यात बाळ झालं आणि दोन दिवसांत गेलं. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. दोन्ही वेळेला आबांनी मूठभर जीव हातात धरून ओढ्याकाठी नेला आणि परत येऊन फडकं हातात घेतलं. मी म्हटलं, आज राहू द्या. त्यांनी मान हलवली आणि पुसत राहिले.

लिला तिसऱ्यांदा गरोदर राहिली आणि दिवाळी होऊन गेली तेव्हा तिला तिसरा महिना होता. एक दिवस तिची सासू मंदाबाई पारोळ्याहून आली. ठसठशीत बाई, आवाजही तसाच. चौकात उभं राहून तिनं सगळ्या ओवऱ्यांवरून नजर फिरवली आणि सुंदरबाईंना, म्हणजे आबांच्या बायकोला, सांगितलं, 'फुटेल देवसना घर मी सूनले धाडाव नई. ती दगडनी बाई पह्यले नदीमा सोडा. तिना मांडीवर बिनमुंडकानं पोर शे. मंग आपला पोरं कसा जगतीन?'

खंडित मूर्ती घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावी, हे कुणाला ठाऊक नाही? पण ज्या घरात ओळीनं फुटकेच देव मांडलेत, त्या घरच्या माणसानं काय करावं? मंदाबाई तेवढं बोलून पारोळ्याच्या गाडीला गेली. सुंदरबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायच्या, ठेचा वाढायच्या, पण तोंडातून शब्द नाही. त्यांना लेक हवी होती, लेकीचं पोर हवं होतं. त्यांचं काय चुकलं? माझ्या मनात मात्र मूर्ती होती, हे कबूल करायला हवं.

दोन-तीन दिवसांनी आबा तिकिटाच्या टेबलाशी येऊन म्हणाले, 'बाई, एक मूर्ती नदीमा गयी ते मंडळ काय करी?'

'तुम्हाला काढून टाकेल,' मी म्हटलं, 'आणि तुमच्याविरुद्ध पहिली सही माझी असेल.'

'बराबर शे,' ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी आले तर मायची ओवरी रिकामी. खाली धुळीत चौकोनी डाग, बस्स. माझं डोकं फिरलं. 'आबा' म्हणून इतक्या मोठ्यानं हाक मारली की चिंचेवरचे पोपट उडाले. सुंदरबाई चुलीपुढून हलल्या नाहीत, नुसतं मागच्या दाराकडे बोट केलं. मला वाटलं, संपलं. गेली अंजनी नदीच्या डोहात. आता गुरुजींना काय तोंड दाखवायचं? मागच्या दारानं मी तणतणत बाहेर पडले आणि जागच्या जागी थांबले.

सराईच्या मागे उकिरडा होता. त्यावर गोणपाट अंथरलेलं आणि गोणपाटावर माय. शेजारी आबा उकिडवे बसलेले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

'आबा, हे काय केलंत?'

'सोडाले गयथू, बाई. पानीमा उतरनू बी. पन मन व्हयनं नई.'

'मग परत जागेवर ठेवायची. उकिरड्यावर कशाला आणली?'

त्यांनी मूर्तीवरची माशी उडवली. 'उखरडावरना मी, उखरडावरनी ती. आते तुम्ही उचला. तुमना दोन्ही पोरं जगनात.'

माझी दोन्ही पोरं नुसती जगली नव्हती, तर एरंडोलची अर्धी आळी त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. पण मला हसू आलं नाही. मला राग आला आणि तो फार जुना राग होता.

कारण ही रीत मला दुसऱ्या बाजूनं ठाऊक होती. पोर उचलायला बोलवायचे ती परकी बाई बहुधा आमच्या वस्तीतली असायची. आम्ही बौद्ध झालो त्याच्या आधीची गोष्ट. माझ्या आजीनं मोठ्यामोठ्यांची पोरं उकिरड्यावरून उचलली होती. टाकलेलं पोर उचलायला तिचेच हात लागत, कारण तिच्या हाती गेलेल्या पोराकडे मरणही बघत नाही असा हिशेब होता. मग कोंडा मिळे, जुनं लुगडं मिळे. जेवण अंगणातल्या निंबाखाली. तिनं जगवलेल्या पोरांच्या लग्नातसुद्धा ती निंबाखालीच जेवली. आजी हे सांगताना हसायची. मला लहानपणीसुद्धा हसता यायचं नाही.

हे सगळं मी आबांना तिथेच, उकिरड्याशी उभं राहून सुनावलं. आवाज चढवून सुनावलं. मग विचारलं, 'तुम्हाला जिनं उचललं तिला तुम्ही काय म्हणायचात?'

'माय म्हनू. जल्मभर.'

'आणि ती तुमच्या घरात यायची?'

खोटं बोलायची सोय होती, आबांनी ती घेतली नाही.

'ओटावर बसे,' ते म्हणाले.

मग हळूच पुढे म्हणाले, 'बाई, तुमना घर देव नई. तुमना हातमा ती फुटेल देव कशी राही? नुसती माय राही. मन्ही आंडेर घर ई.'

आंडेर म्हणजे लेक. एवढंच त्यांना हवं होतं, की लेक घरी यावी. त्यासाठी त्यांनी रात्रभर डोकं चालवून देवाला देवपणातून सोडवायची वाट शोधली होती आणि ती वाट माझ्या दारावरून जात होती. माझा राग गेला नाही, पण त्या ओल्या धोतरातल्या माणसाची मला मनापासून दया आली. शिवाय गावची गुरं सुटायची वेळ झाली होती आणि ती याच वाटेनं जायची. मी पदर खोचला आणि मूर्ती उचलली. भरल्या हंड्याएवढं वजन.

'म्हना, बाई.'

'हे माझं,' मी म्हणाले. माझे यजमान अभिमन एसटीत कंडक्टर आहेत. विनातिकीट माणसाला ते ज्या आवाजात खाली उतर म्हणतात, त्या आवाजात मी म्हणाले. 'आता कोंडा आणा आणि घ्या परत.'

'नई,' आबा म्हणाले. 'हिले इकत लेवानी नई. इकत लिन्ही ते मन्ही व्हई जाई. ही तुमनीच ऱ्हावू द्या.'

अशी मी तेराव्या शतकातली एक बाई पदरात घेतली. तिला जागेवर नेऊन ठेवली आणि पदर झटकला. गुरुजींना यातलं काही सांगितलं नाही.

मंदाबाई पुन्हा आली तेव्हा मूर्ती जागेवरच पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. आबा म्हणाले, 'ती आते आमनी नई. बाईनी शे.' मंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं, आडनाव विचारलं, जरा विचार केला आणि तिची आठी गेली. फुटका देव परक्याच्या माथी गेला म्हणजे तिच्या लेखी प्रश्न मिटला. माझ्या हातचा चहा मात्र तिनं घेतला नाही, उपास आहे म्हणाली. मंगळवार होता, असेलही.

लिला माहेरी आली. दुसऱ्याच दिवशी मी तिला जळगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, पिशवीचं तोंड सैल आहे, म्हणून दिवस भरत नाहीत. टाका घालून दिला आणि पडून राहायला बजावलं. मी परत आल्यावर आबांना म्हटलं, 'बघा, रोग हा होता. त्या दगडाचा काही दोष नव्हता.' आबा म्हणाले, 'टाकाबी चांगला, दगडबी चांगला.' त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे चामुंडेला जेवू घालण्यापैकी होतं.

मग लिला पडून राहिली. तिच्या बाजेवरून चौकापलीकडची माय समोर दिसे. सातवा महिना लागला तेव्हा सराईत सगळे दबक्या पावलांनी चालत. आबांनी पाहुण्यांना गोष्टी सांगणं बंद केलं. मी पोपटांनासुद्धा हाकललं. सातवा गेला. आठवा गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिलानं बाजेवरूनच झोक्याची गाणी म्हटली आणि सुंदरबाई चुलीपाशी डोळे पुसत पुरण वाटत राहिल्या. आखाजीनंतर जळगावच्या दवाखान्यात लिलाला मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, चांगली रडणारी.

बारशाच्या आदल्या दिवशी आबा एरंडोलला आमच्या घरी आले. खुर्ची दिली तरी खालीच बसले, पण चहा घेतला आणि साखर कमी शे म्हणून अजून मागून घेतली. मग म्हणाले, 'बाई, पोर उखरडावर ठेवनी शे. येशात ना?'

मी हो म्हटलं नाही. आबा गेल्यावर मी अभिमनना म्हटलं, 'दगड उचलला तो मंडळाचा होता. हे पोर आहे. सगळ्यांच्या देखत मी आजीच्या जागी उभी राहू? आपण हे सगळं सोडून दिलंय ना?'

अभिमन वर्दीला बटणं लावत होते. 'पोर उचल,' ते म्हणाले. 'पुढचं तुझं तू बघ.'

मी गेले. मे महिन्याचं ऊन, सराईचे दगड सकाळीच तापलेले. ओवरीत पाळणा बांधलेला, आत पाहुण्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. मागे उकिरड्यावर सुपात ते पोर ठेवलेलं, वरून सुंदरबाईंनी पदराची सावली धरलेली. मी वाकले, तर ते शिंकलं. एवढंसं नाक आणि केवढी शिंक. मी उचललं आणि आबांनी 'म्हना, बाई' म्हणायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, 'हे माझं.' या खेपेला आवाज कंडक्टरचा नव्हता. माझे डोळे भरले होते आणि ते मी लपवलंही नाही.

पोर घेऊन मी ओवरीपुढच्या ओट्याशी आले. ओट्याच्या कडेला, दारापासून दूर, एक गोणपाट वेगळं अंथरलेलं होतं. त्यावर झाकलेली थाळी. कुणी अंथरलं ते विचारायची गरज नव्हती. मंदाबाई दारात उभी होती आणि तिनं मला मानेनं तिकडेच बसायची खूण केली. वाईट बोलली नाही, तोंड वाकडं केलं नाही. रीत होती तशी तिनं मांडली होती, इतकंच. मला आजीचा निंब दिसला.

आबा आतून सूप घेऊन आले. काठोकाठ कोंडा. ते माझ्यापुढे धरून उभे राहिले.

'विकायची नाही,' मी म्हणाले.

मंदाबाई एक पायरी उतरली. 'अशी कशी इकत देवानी नई? रीत शे.'

'मी उचलली. माझी आहे. विकायची नाही.'

हे मी ठरवून आले नव्हते. पण बोलले आणि पोर आणखी घट्ट धरलं. दोन गेलेल्या आणि एका राहिलेल्या जीवाची भीती आबांच्या तोंडावर होती आणि मला वाटलं, आपण फार केलं, द्यावं आता. तेवढ्यात त्यांनी मान वळवून चौकापलीकडे पाहिलं. तिकडे माय बसली होती, लेकराच्या पाठीवर हात ठेवून. तिलाही कुणी विकत घेतलं नव्हतं.

आबा ओट्यावरून उतरले. चिंचेखाली गाय बांधली होती, तिच्यापुढे त्यांनी सगळा कोंडा ओतला. रिकामं सूप झटकलं, काखेत मारलं आणि परत आले. वाटेत वाकून ते गोणपाट उचललं, त्याची घडी केली.

'पोर जिनी शे, ती ओटावर कशी बसी?' ते मंदाबाईला म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. 'घरमा चला, बाई.'

मंदाबाई वाटेतून बाजूला झाली. मी पोर घेऊन आत गेले. सुंदरबाईंनी पाळण्याजवळच्या बायांना सरकायला लावलं आणि मला जागा करून दिली.